जॉन न्यूटन अथवा पश्चात्तापाची लांब वाट

पश्चात्ताप हा शब्द आपण वारंवार उच्चारितों, परंतु त्याच्या अर्थाचा विचार क्वचितच करितों. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप म्हणजे तळमळ. दुष्कृत्य घडून गेल्यावर मागाहून जी तळमळ लागते ती पश्चात्ताप, इतका अर्थ तर शब्दावरूनच उघड होतो. ख्रिस्ती शास्त्रांत मात्र याहून अधिक कांहीं अभिप्रेत आहे. नव्या करारांतील ज्या ग्रीक शब्दासाठीं आपण पश्चात्ताप हा शब्द योजितों, त्याचा मूळ अर्थ मन पालटणें असा आहे. नुसतें रडून भागत नाहीं. ज्या वाटेनें पाऊल पडत होतें ती वाट सोडून माघारें वळावें लागतें. प्राचीन काळीं घोर पाप केलेल्या मनुष्यास सर्व मंडळीच्या समक्ष प्रायश्चित्त घ्यावें लागत असे. रोमन कॅथलिक मंडळींत अंतःकरणापासून दुःख होणें, धर्मगुरूजवळ पाप कबूल करणें आणि नेमून दिलेलें प्रायश्चित्त पार पाडणें, अशीं त्याचीं अंगें मानिलीं आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं, क्षमा ही कोणत्याही कर्मानें विकत मिळत नसून ती केवळ देवाच्या कृपेनें लाभते, यावर भर दिला. तथापि खऱ्या पश्चात्तापाचीं फळें आचरणांत दिसलीं पाहिजेत, हें दोघांसही मान्य आहे. जक्कय जकातदारानें ज्यांस लुबाडलें होतें त्यांस चौपट परत करण्याचें वचन दिलें, ही गोष्ट आपण सर्वांनीं वाचली आहे.

परंतु जें लुबाडलें तें परत करतांच येत नसेल तर? आणि आपण पाप करीत आहों हेंच मनुष्यास पुष्कळ वर्षें कळलें नसेल तर? या दोन कठीण प्रश्नांचें उत्तर एखाद्या ग्रंथांत शोधण्यापेक्षां एका मनुष्याच्या चरित्रांत शोधावें, असें आम्हांस वाटतें. तो मनुष्य म्हणजे ज्याचें "अमेझिंग ग्रेस" हें भजन आज पृथ्वीच्या सर्व भागांत गाइलें जातें, तो जॉन न्यूटन होय.

न्यूटनचा जन्म 1725 सालीं जुलै महिन्यांत लंडन शहरांतील वॅपिंग या भागीं झाला. हा भाग थेम्स नदीच्या कांठीं असून तेथें खलाशांची व गलबतांची सदैव वर्दळ असे. त्याचा बाप भूमध्य समुद्रांत व्यापार करणाऱ्या गलबताचा कप्तान होता. तो वर्षाचे बहुतेक दिवस दर्यावर असे. आई एलिझाबेथ ही मोठी भाविक होती. आपला मुलगा पुढें धर्मोपदेशक व्हावा अशी तिची फार इच्छा. तिनें त्यास लहानपणींच वाचावयास शिकविलें आणि शास्त्रवचनें व भजनें तोंडपाठ करविलीं. परंतु ती क्षयानें आजारी होती. मुलाला सात वर्षें पुरीं होण्यास थोडेच दिवस उरले असतां 1732 सालीं ती मरण पावली. बापानें दुसरें लग्न केलें, आणि मुलाकडे पाहण्यास घरांत कोणास फारशी सवड राहिली नाहीं. अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर गलबतावर चढला. आईनें पेरलेलें बीं खोल गेलें होतें, पण त्यावर आतां खारें पाणी व खलाशांची संगत यांचा थर बसूं लागला.

पुढील कांहीं वर्षांत हा मुलगा कधीं धार्मिक तर कधीं उच्छृंखल असा हेलकावे खात राहिला, आणि शेवटीं धर्माची उघड टवाळी करणारांत सामील झाला. 1742 सालीं केंट परगण्यांतील चॅटॅम येथें आईच्या मैत्रिणीच्या घरीं तो गेला असतां तेथें मेरी कॅट्लेट नांवाच्या मुलीवर त्याचें मन जडलें. तो सतरा वर्षांचा होता व तिला चौदावें वर्ष चालू होतें. तें प्रेम पुढें जन्मभर टिकलें, आणि अत्यंत वाईट दिवसांतही त्याच एका धाग्यानें त्याला जीव देण्यापासून परावृत्त केलें.

1744 सालीं सक्तीनें आरमारांत भरती करणाऱ्या टोळीनें त्यास धरलें व हार्विच नांवाच्या लढाऊ जहाजावर नेलें. बापाच्या वशिल्यानें तेथें त्यास शिकाऊ अंमलदाराची जागा मिळाली. एके दिवशीं, कोणी खलाशी पळून जाऊं नये म्हणून देखरेख करण्यास त्याला किनाऱ्यावर पाठविण्यांत आलें, तों तो स्वतःच पळून गेला! शिपायांनीं त्यास पकडून आणलें, सर्व खलाशांसमक्ष फटके मारिले आणि त्याची पदवी काढून घेतली. तेव्हांपासून त्याच्या मनांत सूड व निराशा यांखेरीज दुसरें कांहीं उरलें नाहीं. 1745 सालीं मदीरा बेटाजवळ अदलाबदल होऊन तो एका गुलामांच्या गलबतावर चढला, आणि अशा रीतीनें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यास पोंचला.

तेथें सिएरा लिओनच्या बाजूस प्लँटेन नांवाचीं बेटें आहेत. त्या बेटांवरील एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या पदरीं तो राहिला. व्यापारी परगांवीं गेला असतां न्यूटन तापानें अंथरुणास खिळला, आणि त्या व्यापाऱ्याची आफ्रिकन पत्नी त्याचा छळ करूं लागली. त्यास प्यावयास पाणीही मिळेना. भुकेनें व्याकुळ होऊन तो रात्रीं मळ्यांतील मुळें उपटून कच्चींच खाई. या स्थितींत त्याच्यावर दया कोणीं केली? पायांत बेड्या असलेल्या गुलामांनीं! आपल्या तुटपुंज्या घांसांतून ते त्यास लपूनछपून अन्न आणून देत. वाचकहो, ही गोष्ट लक्षांत असूं द्या. ज्यांच्या हातचें अन्न खाऊन हा मनुष्य वांचला, त्यांच्याच बांधवांस तो पुढें सांखळ्यांनीं जखडून विकणार होता. त्याच बेटावर, जवळ असलेलें युक्लिडाच्या भूमितीचें एकुलतें पुस्तक घेऊन तो समुद्रकांठीं बसे आणि वाळूंत काठीनें आकृति काढून प्रमेयें शिके. इतक्या अधोगतींतही त्याची बुद्धि झोंपी गेली नव्हती.

बापाच्या विनंतीवरून ग्रेहाऊंड नांवाच्या व्यापारी गलबताच्या कप्तानानें त्यास शोधून काढिलें व गलबतावर घेतलें. या गलबतावर हस्तिदंत, मेण व रंगाचें लांकूड असा माल होता. 1748 च्या मार्च महिन्यांत उत्तर अटलांटिक महासागरांतून तें इंग्लंडकडे येत असतां एका रात्रीं भयंकर तुफान झालें. न्यूटन जागा झाला तों त्याच्या खोलींत पाणी शिरत होतें. तो शिडी चढून वर जाऊं लागला, इतक्यांत कप्तानानें त्यास सुरी आणावयास सांगितली. तो मागें वळला, आणि त्याच्या जागीं जो दुसरा मनुष्य वर गेला त्यास लाटेनें तत्काळ वाहून नेलें. गलबताची एक बाजू फुटली होती. खलाशांनीं कपडे व अंथरुणें कोंबून भेगा बुजविल्या, आणि तासन् तास पंपानें पाणी उपसलें. मेण व लांकूड पाण्यापेक्षां हलकें, म्हणूनच तें गलबत तरंगत राहिलें. उपसण्याचें काम चालू असतां न्यूटनच्या तोंडून देवाच्या दयेविषयीं एक सहज उद्गार निघाला. तो ऐकून तो स्वतःच चपापला. जिची आपण इतकीं वर्षें थट्टा केली त्या दयेवर आपला हक्क तो कोणता, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला. दुपारीं एकपासून मध्यरात्रीपर्यंत तो सुकाणूंवर होता. त्या वेळीं त्यास आपलें सारें पूर्वायुष्य आठवलें. पुढें जवळ जवळ चार आठवडे उपासमार सोसून तें मोडकें गलबत आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें. मार्चची 21 वी तारीख न्यूटननें जन्मभर प्रार्थनेनें व आत्मपरीक्षणानें पाळिली. 1805 सालीं, वयाच्या ऐशींव्या वर्षीं, डोळे जवळ जवळ गेले असतांही, थरथरत्या हातानें त्यानें त्या दिवसाची नोंद रोजनिशींत केली आहे.

येथें एखादा साधा चरित्रकार लेखणी खालीं ठेवील. पापी मनुष्य वादळांत सांपडला, त्यानें देवाचा धांवा केला, तो वांचला व सुधारला, कथा संपली! परंतु सत्य इतकें सोपें नाहीं, आणि आमच्या बालवाचकांपासून तें लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. न्यूटननें शिव्या देणें सोडलें, बायबल वाचूं लागला, प्रार्थना करूं लागला. आणि त्याच वर्षीं तो गुलामांच्या गलबतावर दुय्यम अंमलदार होऊन आफ्रिकेस गेला. 1750 च्या फेब्रुवारींत मेरीशीं त्याचें लग्न झालें, आणि त्याच वर्षीं तो कप्तान झाला. 1754 पर्यंत त्यानें ड्यूक ऑफ अर्गाइल व आफ्रिकन या गलबतांवरून अशा तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घ्यावयाचीं, अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीज बेटांत अगर अमेरिकेंत तीं विकावयाचीं, आणि मिळालेला पैसा वा माल घेऊन लिव्हरपूलास परत यावयाचें, असा तो धंदा होता. डेकवर तो दर रविवारीं दोन वेळां उपासना चालवी, आणि त्याच डेकखालीं माणसें बेड्यांत पडलेलीं असत. बंडाचा संशय आला तेव्हां त्यानें मुलांचे आंगठे चापांत घालून कबुलीजबाब घेतले. त्याच्या गलबताची रोजनिशी उपलब्ध आहे. तींत मेलेल्या गुलामांची नोंद नांवानें नाहीं, आंकड्यानें आहे. शेवटच्या सफरींत एकही मनुष्य दगावला नाहीं, म्हणून त्यानें लिव्हरपूलच्या देवळांत देवाचे आभारही मानिले!

हें कसें घडलें, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्या काळीं हा व्यापार कायदेशीर व प्रतिष्ठित मानला जाई. लिव्हरपूलसारखीं बंदरें त्यावर श्रीमंत झालीं होतीं. देवळांतून त्याविरुद्ध शब्द क्वचितच निघे. परंतु क्वेकर पंथांतील कांहीं लोक त्याच सुमारास या व्यापाराविरुद्ध बोलूं लागले होते. म्हणजे सत्य दिसणें अशक्य नव्हतें. बेड्या, सांखळ्या व कड्या यांच्याशीं नित्य संबंध असलेलें तें काम न्यूटनलाही रुचत नसे, आणि याहून दयाळूपणाचा एखादा व्यवसाय मिळावा अशी तो प्रार्थना करी. परंतु बोचणें निराळें आणि कळणें निराळें. मनुष्यास आपलें दुर्व्यसन पाप म्हणून लवकर दिसतें, कारण शेजारीपाजारी त्यास नांवें ठेवितात. परंतु ज्या पापांत सारा समाज भागीदार आहे तें दिसण्यास फार काळ लागतो.

1754 च्या अखेरीस न्यूटनला एकाएकीं झटका आला, आणि वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें समुद्र कायमचा सोडला. पुढील वर्षीं त्यास लिव्हरपूल येथें जकात खात्यांत गलबतें तपासण्याचें काम मिळालें. फावल्या वेळांत त्यानें ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. लॅटिन तर तो दर्यावर असतांनाच शिकत होता. धर्मोपदेशकाची दीक्षा मिळावी म्हणून त्यानें अर्ज केला, पण तो नाकारण्यांत आला, व कांहीं वर्षें थांबावें लागलें. शेवटीं 1764 सालीं त्यास दीक्षा मिळून बकिंगहॅमशायर परगण्यांतील ओल्नी गांवीं त्याची नेमणूक झाली. मृत आईची इच्छा बत्तीस वर्षांनीं सफळ झाली.

ओल्नी येथील लोक बहुधा गरीब असून लेस विणून पोट भरीत. पाळक न्यूटनसाहेब त्यांच्या झोंपड्यांतून हिंडत, आजाऱ्यांजवळ बसत आणि मुलांना जमवून शास्त्रांतील गोष्टी सांगत. प्रसिद्ध कवि विल्यम कूपर हे 1767 सालीं तेथें राहावयास आले, व त्या दोघांची गाढ मैत्री जमली. कूपर यांस वेडाचे झटके येत. अशा वेळीं न्यूटनसाहेबांनीं त्यांस महिनेच्या महिने आपल्या घरांत संभाळिलें. दोघांनीं रचिलेल्या भजनांचा संग्रह 1779 सालीं प्रसिद्ध झाला. "अमेझिंग ग्रेस" हें भजन न्यूटनसाहेबांनीं 1773 च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठीं तयार केलें होतें. ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, अंधाला दृष्टि लाभल्याचा आनंद ज्या भजनांत आहे तें त्यांनीं रचिलें तेव्हां गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनीं जाहीर रीतीनें एक अक्षरही लिहिलें नव्हतें.

1780 सालीं ते लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ या देवळाचे पाळक झाले. 1785 च्या डिसेंबरांत एक तरुण गृहस्थ लोकांची नजर चुकवून त्यांस भेटावयास आला. हे पार्लमेंटचे सव्वीस वर्षांचे सभासद विल्यम विल्बरफोर्स होत. राजकारण सोडून धर्मसेवेस लागावें कीं काय, या विवंचनेंत ते होते. न्यूटनसाहेबांनीं त्यांस सल्ला दिला कीं, आहां तेथेंच राहा व तेथूनच देवाची सेवा करा. हा सल्ला दिला नसता तर गुलामांचा कैवार घेणारा एक थोर पुढारी पार्लमेंटास लाभला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे.

1787 सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं लंडनमध्यें एक संस्था स्थापन झाली. आतां न्यूटनसाहेबांपुढें कसोटीचा प्रसंग आला. ते बासष्ट वर्षांचे होते. नांव होतें, मान होता, देऊळ श्रोत्यांनीं भरून जाई. ते गप्प बसते तर कोणीं त्यांस जाब विचारला नसता. परंतु या व्यापाराचें अंतरंग ज्यानें आंतून पाहिलें आणि जो तें उघड सांगण्यास तयार आहे, असा साक्षीदार मिळणें दुर्मिळ होतें. 1788 च्या आरंभीं त्यांनीं आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. समुद्र सोडल्यास तेव्हां तेहेतीस वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यांत त्यांनीं आरंभींच आपला या धंद्याशीं असलेला संबंध स्पष्ट सांगितला, आणि ही कबुली फार उशिरां येत आहे हेंही लपविलें नाहीं. नंतर त्यांनीं वर्णन केलें तें असें: गलबताच्या पोटांतील खोल्यांची उंची सुमारें पांच फूट, क्वचित् त्याहूनही कमी, मध्यें फळ्या ठोकून तिचे दोन मजले करीत, त्यांत माणसांस दोघांदोघांचे हातपाय एकत्र जखडून इतके दाटीनें निजवीत कीं कूस बदलणेंही कठीण. विकत घेतलेल्या माणसांपैकीं सरासरी चतुर्थांश मरत असावेत, असा त्यांनीं अंदाज दिला. हा धंदा करणाऱ्या खलाशांची अंतःकरणें कशीं दगडासारखीं होतात, हेंही त्यांनीं लिहिलें. आणि तें लिहितांना स्वतःस वगळलें नाहीं. पुस्तकाच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांत वांटण्यांत आल्या. पुढें प्रिव्ही कौन्सिलच्या कमिटीपुढें, व 1790 सालीं कॉमन्स सभेच्या कमिटीपुढें त्यांनीं साक्ष दिली. धर्मसेवकानें आपल्याच तरुणपणाचा पंचनामा सरकारी दप्तरांत लिहवून द्यावा, यापेक्षां कठीण प्रायश्चित्त कोणता गुरु सांगेल?

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांची पत्नी वारली. पुढें डोळे गेले, कान गेले, स्मृति मंदावली. तरी ते उपदेश करीत राहिले. विल्बरफोर्स यांचें बिल पार्लमेंटांत वारंवार फेटाळलें गेलें. शेवटीं 1807 च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेंत 283 विरुद्ध 16 मतांनीं तें पसार झालें, आणि 25 मार्च रोजीं त्यास राजाची मंजुरी मिळाली. हें वर्तमान न्यूटनसाहेबांच्या हयातींत झालें. त्याच वर्षीं 21 डिसेंबर रोजीं, वयाच्या ब्यायशीं वर्षांनंतर, त्यांनीं देह ठेविला. आपल्या स्मृतिशिलेवरील लेख त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला होता. त्यांत आपली नास्तिकता व आफ्रिकेंतील हीन दशा यांचा उल्लेख आधीं आहे, आणि देवाच्या दयेचा त्यानंतर.

आमच्या देशाशींही या चरित्राचा एक धागा जुळलेला आहे. 1793 सालीं बंगालकडे निघण्यापूर्वीं विल्यम केरी हे न्यूटनसाहेबांचा सल्ला घेण्यास गेले होते. त्याच केरीसाहेबांनीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीचें अध्यापन केलें, 1805 सालीं मराठी व्याकरण व 1810 सालीं मराठी कोश छापून प्रसिद्ध केला. त्या कॉलेजाचे उपप्रमुख क्लॉडियस ब्युकॅनन यांचें मन तर न्यूटनसाहेबांच्या उपदेशानेंच पालटलें होतें. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करणारा कायदा 1833 सालीं झाला. पण त्यांत कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान वगळला होता, व येथें गुलामगिरीविरुद्धचा कायदा होण्यास 1843 साल उजाडलें.

आतां आरंभींच्या दोन प्रश्नांकडे वळूं. जें परत करतां येत नाहीं त्याचें काय? न्यूटनसाहेबांनीं विकलेलीं माणसें ऊंसाच्या मळ्यांत खपून मरून गेलीं होतीं. त्यांस चौपट तर सोडाच, एकपटही परत करणें शक्य नव्हतें, आणि त्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नव्हता. हें दुःख देवाची क्षमा मिळाल्यानेंही पुसून जात नाहीं, आणि जाऊं नये. परंतु जी एक वस्तु अद्याप त्यांच्या हातीं होती ती त्यांनीं दिली. ती म्हणजे सत्य. आपल्या अब्रूची किंमत देऊन त्यांनीं तें सांगितलें, आणि त्यामुळें जे अजून पकडले गेले नव्हते अशा अनेकांच्या पायांतील बेड्या टळण्यास मदत झाली.

दुसरा प्रश्न, पाप उशिरां कळल्याचा. वादळांतील ती रात्र म्हणजे पश्चात्तापाचा शेवट नव्हता, आरंभ होता. जो एकदां मनापासून माघारा वळला त्यालाही पुढें कित्येक वेळां वळावें लागतें. कारण जसजसा उजेड वाढतो तसतसे घरांतील नवे नवे कोपरे मळलेले दिसूं लागतात. विद्यार्थिमित्रहो, खोटें बोलणें व चोरी करणें हीं पापें आहेत हें तुम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु ज्या अन्यायांत आपण सारे मिळून सामील आहों, ज्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं, ज्यावर आपलें सुख उभें आहे, असा एखादा अन्याय आपल्या घरीं, गांवीं वा शाळेंत आहे काय, हें प्रत्येकानें शांतपणें पाहावें. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें चूक कबूल केली असतां त्या कबुलीचा मान राखावा. उशिरां आलेली कबुली देखील न आलेल्या कबुलीपेक्षां फार मोलाची असते.